नोंद मंजूर होण्याआधी

रुग्णाच्या शिरेतून रक्त काढून झाले, सिस्टर सुईवर टोपण बसवायला गेल्या आणि टोक टोपणात न जाता त्यांच्याच तर्जनीत शिरले. क्षणाचा प्रकार. इस्पितळांच्या बोलीत याला ‘निडल प्रिक’ म्हणतात. रुग्ण एचआयव्हीबाधित असेल तर सिस्टरना सांगितले जाते, पहिली गोळी आत्ता, इथेच घ्या. मग रोज एक, अशा २८ दिवस. त्याच वेळी त्यांचेही रक्त तपासायला जाते आणि अहवाल येतो ‘निगेटिव्ह’.

इथे कोणालाही कोडे पडेल. विषाणू अंगात गेलाच असेल तर नंतर गोळी घेऊन काय उपयोग? एचआयव्ही शरीरातून पुरता काढून टाकणारी गोळी नाही, हे तर आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. तपासणी निगेटिव्ह असेल तर गोळी मुळात कशासाठी? आणि आधी तासांचा हिशेब लावण्याइतकी घाई, नंतर महिनाभर चिकाटी, हे काय गणित आहे?

याचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. विषाणू शरीरात शिरणे आणि लागण होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दोन्हींच्या मध्ये काही तास, फार तर दोन-तीन दिवस असतात. सारा उपचार त्या फटीत बसतो. त्याला ‘पीईपी’ म्हणतात, म्हणजे विषाणूशी संपर्क आल्यानंतर घ्यायचा प्रतिबंधक उपचार.

हजारातले तीन

आधी धोका किती ते पाहू, कारण भीती आणि बेफिकिरी या दोन्हींचे मूळ आकडे माहीत नसण्यात आहे. एचआयव्हीबाधित रक्ताने माखलेली सुई टोचली आणि काहीच उपचार घेतला नाही, तर लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के. हजार जणांना अशी सुई टोचली तर सुमारे तिघांना लागण होईल. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडाले तर शक्यता आणखी कमी, ०.१ टक्क्याच्याही किंचित खाली. धडधाकट, न चिरलेल्या त्वचेवर रक्त सांडले तर धोका जवळजवळ नाहीच. घाम, अश्रू, लघवी किंवा रक्त न मिसळलेली थुंकी यांतूनही लागण होत नाही.

हिपॅटायटिस बी या काविळीचा आकडा याच्या शेजारी ठेवला तर डोळे उघडतात. लस न घेतलेल्या माणसाला त्या रुग्णाची सुई टोचली तर शंभरात सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सी या दोहोंच्या मध्ये. वैद्यकीय विद्यार्थी हे ‘तीस, तीन, शून्य पूर्णांक तीन’ असे घोकून ठेवतात. अलीकडच्या अभ्यासांत हिपॅटायटिस सीचा आकडा तीनपेक्षा बराच कमी निघाला आहे, पण उतरंड तीच राहते.

एवढा फरक का? सुई टोचते तेव्हा आत जाणारे रक्त फार थोडे असते. अंदाजे एक मायक्रोलिटर, थेंबाचा जेमतेम पन्नासावा भाग. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या कोटींत, कधी अब्जांतही जाते. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताच्या तेवढ्याच रक्तात ती बहुधा हजारांत किंवा लाखांत असते. लाख धरले तरी त्या इवल्याशा रक्तातून शंभरएक विषाणू आत गेले. त्यातले बरेचसे सदोष, पुढे काही करूच न शकणारे. उरलेल्यांना नेमकी हवी ती पेशी वेळेत भेटायला हवी. बहुतेकांना ती भेटत नाही. पीईपी घेऊन ‘वाचलो’ म्हणणाऱ्यांतले बहुसंख्य लोक गोळीविनाही वाचलेच असते, हे खरे आहे. पण त्या हजारातले तीन कोण, हे आधी ओळखायचा मार्ग नाही.

सगळ्या सुया सारख्याही नसतात. रक्त काढायची सुई आतून पोकळ असते, तिच्यात रक्त साठून राहते. टाके घालायची सुई भरीव, तिच्या पृष्ठभागाला लागलेले रक्त हातमोज्यातून जाताना बरेचसे पुसले जाते. हातमोजा सुई अडवत नाही, पण रक्त कमी करतो.

टोचल्यापासून लागणीपर्यंत

त्वचेखाली आणि ओलसर आवरणांखाली ‘डेन्ड्रिटिक’ नावाच्या पेशी असतात. बाहेरचे काही आत आले की ते उचलायचे आणि जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे काखेतल्या किंवा कोपराजवळच्या गाठीत, नेऊन दाखवायचे हे त्यांचे काम. एरवी हे काम आपल्या फायद्याचे. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र विषाणूला आयतेच वाहन मिळते, कारण त्या गाठीत सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि एचआयव्हीला राहायला त्याच लागतात. माकडांतल्या प्रयोगांत हा प्रवास मोजला गेला. पहिल्या २४ तासांत विषाणू या वाहक पेशींत दिसला, दोन दिवसांत गाठींत पोचला आणि साधारण पाचव्या दिवशी रक्तात सापडला.

आता पेशीच्या आत काय होते ते पाहू. आपल्या पेशींचा मूळ दस्तऐवज डीएनएच्या रूपात असतो. एचआयव्हीचा मजकूर असतो आरएनएच्या रूपात. तो जसाच्या तसा पेशीच्या दस्तऐवजात बसत नाही. म्हणून विषाणू स्वतःचा एक कारागीर बरोबर आणतो, ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ नावाचे विकर. ते आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करते. मग ‘इंटिग्रेज’ हे दुसरे विकर ती प्रत पेशीच्या केंद्रकात नेऊन आपल्याच डीएनएत सांधते. या दोन पायऱ्यांना मिळून साधारण दिवसभर लागतो. त्यानंतर ती पेशी विषाणूचा मजकूर स्वतःचाच समजून वाचू लागते आणि नवे विषाणू तयार करते.

शेतीवाडी असलेल्या घरात हे पटकन समजेल. जमिनीवर कोणी परक्याने हक्क सांगितला की त्याचे नाव लगेच सातबाऱ्यावर चढत नाही. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत एक साधा अर्ज दिला तरी प्रकरण तिथे अडते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली आणि नाव सातबाऱ्यावर आले की मग प्रांताकडे अपील, त्यापुढे आणखी अपील, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी तारीख. विषाणूने केलेली डीएनएची प्रत म्हणजे धरलेली नोंद. आपल्या डीएनएत ती सांधली जाणे म्हणजे सातबाऱ्यावर चढलेले नाव. पीईपी ही मुदतीत घेतलेली हरकत. फरक एवढाच, की इथे १५ दिवस नसतात आणि नोटीसही येत नाही.

गोळ्या नेमके काय अडवतात

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार पीईपीसाठी तीन औषधांची मिळून एक गोळी देतात: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम.

पहिली दोन औषधे ठकसेन आहेत. डीएनएची साखळी ज्या घटकांनी विणली जाते त्यांच्यासारखीच ती दिसतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज फसते, खऱ्याऐवजी यांना उचलून साखळीत ओवते. पण यांना पुढचा दुवा अडकवायची सोयच नसते, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. तरीही एखादी प्रत पूर्ण झालीच तर तिसरे औषध इंटिग्रेजला पकडून ठेवते आणि प्रत पेशीच्या डीएनएत सांधू देत नाही. यांतले कोणतेही औषध विषाणूला मारत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. ते फक्त त्याची नोंद होऊ देत नाहीत. नोंद न झालेला विषाणू फार काळ टिकत नाही, शरीर त्याचा निकाल लावते.

घाई का, हे आता वेगळे सांगायला नको. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत घ्यावी आणि ७२ तासांनंतर सुरू करू नये, असे नॅको सांगते. बहात्तराव्या तासाला दार धाडकन बंद होते असे नाही. प्रत्येक तासागणिक ते लोटले जात असते.

मग २८ दिवस कशाला?

पहिल्या दिवसाची गोळी पोटात जाण्याआधी एखाद-दुसऱ्या पेशीत नोंद होऊन गेलेली असू शकते. ती पेशी नवे विषाणू सोडत राहणार. औषध रक्तात आणि गाठींत हजर असेल तर ते नवे विषाणू दुसऱ्या पेशीत घर करू शकत नाहीत. मूळ पेशी काही दिवसांत मरते आणि वंश तिथेच संपतो. औषध मध्येच थांबवले तर उरलेल्या एका पेशीपासून सगळे नव्याने सुरू होऊ शकते.

चार आठवडे हा आकडा आला माकडांवरच्या प्रयोगांतून. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात माकडांना एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू टोचला आणि मग टेनोफोव्हिर दिले. २४ तासांनी सुरू करून २८ दिवस दिलेली सगळी माकडे वाचली. तितक्याच वेळात सुरू करून दहाच दिवस दिले तेव्हा निम्मी वाचली. तीन दिवस दिले तेव्हा एकही नाही. सुरुवात ४८ किंवा ७२ तासांनी केली तेव्हाही संरक्षण कमी पडले. लवकर सुरू करणे आणि पूर्ण करणे, दोन्ही का लागते याचे इतके स्वच्छ उत्तर वैद्यकात क्वचित मिळते.

माणसांतला पुरावा

सुई टोचून एचआयव्हीची लागण झाल्याची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९८४ मध्ये, इंग्लंडमधल्या एका परिचारिकेची. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि ते टोचल्यानंतर द्यावे का, हा प्रश्न लगेच पुढे आला. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना खोटी गोळी, असा रीतसर प्रयोग सुरूही झाला, पण शंभर जणही जमेनात म्हणून तो बंद करावा लागला. लोक का येतील? बोटातून रक्त येत असताना खोट्या गोळीची चिठ्ठी कोणाला हवी? शिवाय हजारात तीन इतकी विरळ घटना पकडायची तर हजारो माणसे लागली असती.

मग संशोधकांनी उलट्या बाजूने पाहिले. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतले, सुई टोचून लागण झालेले ३३ आरोग्य कर्मचारी आणि टोचूनही लागण न झालेले ६६५ कर्मचारी यांची तुलना केली. १९९७ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की झिडोव्हुडिन घेतलेल्यांत लागणीची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी होती. आणि धोका कशाने वाढतो तेही कळले. जखम खोल असेल तर सुमारे १५ पट. सुईवर रक्त डोळ्यांना दिसत असेल, ती थेट शिरेत किंवा धमनीत गेलेली असेल, किंवा रुग्ण आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असेल, तर चार ते सहा पट.

तो अभ्यास एकाच औषधाचा, आजच्या मानाने दुबळ्या औषधाचा. त्याने मळमळ, अशक्तपणा, रक्तक्षय होई आणि अनेकजण गोळ्या अर्ध्यावर सोडत. नंतर काही ठिकाणी नेव्हिरॅपिन वापरून पाहिले, तर यकृताला इतकी गंभीर इजा झाली की एका कर्मचाऱ्याला यकृत प्रत्यारोपण करावे लागले. आता पीईपीसाठी ते औषध वर्ज्य आहे. आजची तीन औषधांची गोळी पुष्कळ सुसह्य आहे. एक पथ्य मात्र आपल्याकडे विसरले जाते: लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताची काही औषधे डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर घेतली तर ते शरीरात नीट शोषले जात नाही. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

अमेरिकेत १९८५ ते २०१३ या काळात कामावर लागण झाल्याची खात्रीशीर प्रकरणे ५८. त्यातले १९९९ नंतरचे फक्त एक, तेही प्रयोगशाळेत जिवंत विषाणू हाताळणाऱ्या तंत्रज्ञाचे. श्रेय एकट्या पीईपीला देता येणार नाही. सुरक्षित सुयांसाठी तिथे २००० मध्ये कायदा झाला. आणि रुग्णच नियमित औषधे घेऊ लागल्याने त्यांच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, हे कदाचित सर्वांत मोठे कारण.

> सुई टोचली तर
>
> जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, ब्लीच, बीटाडीन ओतू नका; त्याने ऊतींना इजा होते, संरक्षण मिळत नाही. डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर पाण्याने धुवा.
>
> लगेच वरिष्ठांना किंवा कॅज्युअल्टीत सांगा. धोका आहे असे डॉक्टरांचे मत पडले तर पहिली गोळी तिथेच घ्या, अहवालांची वाट पाहू नका.
>
> त्याच दिवशी स्वतःची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी करा. एचआयव्हीची पुढची तपासणी सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी.
>
> तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका. घरच्यांबरोबर जेवणे, झोपणे, बाळाला उचलणे यात काही धोका नाही. बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
>
> माहितीसाठी नॅकोची निःशुल्क हेल्पलाइन: १०९७.

पहिल्या दिवशीच्या तपासणीत नवी लागण दिसणार नसते, मग ती का करायची? कारण आधीपासून लागण नव्हती, हे त्यातूनच नोंदले जाते. पुढे दुर्दैवाने काही झाले तर ते कामावर झाले, हे सांगायला तोच कागद लागतो. आणि आधीपासूनच एचआयव्ही असेल तर महिनाभराच्या गोळ्या हा उपचारच नव्हे, तिथे कायमचा उपचार सुरू करावा लागतो. हिपॅटायटिस बीची तपासणी आणखी एका कारणासाठी: टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबतात, त्यामुळे जुनी लागण असलेल्याने ती एकाएकी थांबवली तर यकृताचा आजार उसळू शकतो.

टोपण आणि लाल शेरा

पीईपी ही दुसरी तटबंदी. पहिली पडली तरच तिची गरज. आणि पहिली अनेकदा टोपण परत बसवताना पडते. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवायचे नाही, हा नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि गर्दीच्या वॉर्डात तो रोज मोडला जातो. सुई तिथल्या तिथे निडल कटरमध्ये तोडायची आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. डबा खाटेजवळ नसेल तर माणूस सुई हातात धरून वॉर्डभर चालतो. दोष मग त्या माणसाला देण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जास्त खोल आहे. भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये झाले. ते करणाऱ्या चमूच्या प्रमुख डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यानंतरच्या भीतीच्या काळात बाधित रुग्णाच्या फाइलवर लाल शाईने शेरा मारायची पद्धत अनेक ठिकाणी पडली. माणुसकीच्या दृष्टीने ती वाईट होतीच, शास्त्राच्या दृष्टीनेही मूर्खपणाची होती. लाल शेरा असेल तिथे जपा, याचा दुसरा अर्थ शेरा नसेल तिथे नाही जपले तरी चालेल. देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत, महाराष्ट्रात चार लाखांच्या आसपास, आणि त्यातल्या सगळ्यांना आपली लागण ठाऊक नाही. काहींना ती इतकी नवी असते की तपासणीतही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचे रक्त बाधित असल्यासारखेच हाताळायचे, हा एकच नियम चालतो.

रुग्णाची एचआयव्ही तपासणी त्याच्या संमतीनेच करायची असते. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा तसे सांगतो. गुपचूप उरलेल्या नमुन्यातून तपासून घेण्याचा मोह इस्पितळांना होतो. पण पहिली गोळी त्या अहवालावर अडलेली नसतेच. रुग्णाला नीट समजावले तर बहुतेकजण तयार होतात. अहवाल निगेटिव्ह आला आणि धोका नाही असे ठरले तर गोळ्या थांबवता येतात.

आणि हिपॅटायटिस बी? त्याच्यासाठी तर लसच आहे. तीन मात्रा, सहा महिन्यांत पूर्ण. कचरा नियमांनुसार ती कर्मचाऱ्यांना देणे बंधनकारकही आहे. एचआयव्हीच्या धास्तीने रात्र जागवणाऱ्या इंटर्नला विचारा, तिसरी मात्रा घेतली का.

मावशींना कोण सांगणार?

डॉक्टर आणि सिस्टरना निदान ‘पीईपी’ हा शब्द माहीत असतो. वॉर्डातल्या मावशी, मामा, पिशव्या उचलणारे सफाई कर्मचारी, धुलाईघरातले लोक यांना सुई टोचते ती चादरीच्या घडीतून किंवा लाल पिशवीतून. कोणत्या रुग्णाची, किती वेळापूर्वीची, काहीच कळत नाही. रक्त वाळले की त्यातले बहुतेक एचआयव्ही विषाणू काही तासांत निकामी होतात, पण पोकळ सुईच्या आत ते जास्त टिकू शकतात. अशा वेळी सुई कुठून आली, तिच्यात रक्त होते का, त्या वॉर्डात कोणते रुग्ण होते, यावरून डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो. पण त्यासाठी आधी कोणीतरी डॉक्टरांना सांगावे लागते. कंत्राटी कामगार मुकादमाला सांगतो, मुकादम म्हणतो, धुऊन टाक, काही होत नाही. तीन दिवस असेच जातात.

२०१७ च्या कायद्याचे कलम १९ याबाबत संदिग्ध नाही. संसर्गाचा धोका असलेल्या आस्थापनेने तिथे काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवले पाहिजे. ‘सर्व व्यक्ती’ यात पगार कोणाच्या वहीतून निघतो याची अट नाही. त्यामुळे पहिल्या मात्रेचे पाकीट रात्री दोन वाजताही कॅज्युअल्टीत, प्रसूतिकक्षात, अतिदक्षता विभागात हाताशी असले पाहिजे. भांडाराला कुलूप आणि किल्ली घरी गेलेल्या फार्मासिस्टकडे, असे चालणार नाही. आणि कोणाला सांगायचे त्याचे नाव व फोन नंबर मराठीत लिहून कचऱ्याच्या खोलीच्या भिंतीवरही लावला पाहिजे, नुसता डॉक्टरांच्या खोलीत नाही.